अंगठा उचलल्यावर

आई, विंच म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागेल. तू गेलीस तेव्हा मी बंगळुरात प्रवासी विमानांच्या वायरी तपासत होतो आणि हेलिकॉप्टर फक्त लांबून पाहिलं होतं. आता मी आयर्लंडमध्ये असतो. एनिस नावाचं छोटं गाव आहे, तिथून गाडीने थोडं गेलं की नदी समुद्राला मिळते, तिथे आमचं हँगर. बचावाची हेलिकॉप्टरं आम्ही सांभाळतो. बोटीवर कुणाचा हात यंत्रात सापडला, कड्यावरून कुणी घसरलं, की ती जातात, वर हवेत थांबतात, दारातून एक माणूस पोलादी वायरीला लटकून खाली उतरतो आणि खालच्या माणसाला कवेत घेऊन वर येतो. ती वायर ज्याला गुंडाळलेली असते तो विंच. विजेवर चालणारा रहाट समज. हेलिकॉप्टरच्या दारात गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या हातात एक मूठ असते, त्या मुठीवर अंगठ्याने फिरवायचं चाक असतं. पुढे ढकललं की वायर खाली जाते, मागे ओढलं की वर येते, आणि अंगठा उचलला की चाकाने आपसूक मधे परत यायचं आणि वायरीने जागच्या जागी थांबायचं. समुद्रावर लटकणाऱ्या माणसाचा जीव या एवढ्याशा आपसूक होण्यावर असतो.

कुठल्याशा दुसऱ्या देशात असं एक चाक अंगठा उचलल्यावरही परत आलं नाही. पुढे त्या माणसाचं काय झालं मला ठाऊक नाही, आमच्यापर्यंत फक्त आदेश येतो. आदेश आला की तपासणी सक्तीची, ठरलेल्या मुदतीने, आणि ती दोघांनी करायची. एक जण वर दारात मूठ धरून बसतो, दुसरा खाली जाड हातमोजे घालून वायर हातातून सोडत राहतो, म्हणजे ती ढिली पडून गुंतत नाही. मग जागा बदलायच्या आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिल्याने आपल्याला काय वाटलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. दोघांनीही आपापलं ठीक म्हटलं, सही केली, तरच हेलिकॉप्टर उडतं. तुला हसू येत असणार. दुसऱ्याने बघितलेलं पुन्हा बघायचा पगार मिळतो तुझ्या मुलाला.

घरात आपण दोघंच, आणि तुझी नोकरी गॅस एजन्सीच्या काउंटरवर. अख्ख्या वस्तीला तू बजावायचीस, "रात्री रेग्युलेटर बंद करत जा हो, आळस नका करू." आणि आपल्या घरचा रेग्युलेटर बंद करायचा मी, कारण तुझ्या लक्षात राहायचं ते फक्त लोकांचं. मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. तू ओट्याला टेकून शेजारच्या काकूंशी खिडकीतून बोलते आहेस, दूध वर येतं आहे, आणि मी अभ्यास सोडून धावतो आहे. दूध उतू गेलं तरी तू हसायचीस. "आला माझा साहेब," म्हणायचीस आणि फडकं माझ्याच हातात द्यायचीस. बाहेर पडताना कुलूप ओढून बघणारा मी, इस्त्रीचं बटण बघणारा मी, आणि तू कोपऱ्यावर जाऊन पोचलेली, तिथून हाका मारते आहेस, "अरे चाल ना बाप्पा, घर कुठं पळून नाही जात." मला तुझा राग यायचा. इतकी बिनधास्त बाई बाकी कुणाच्या घरी नव्हती.

तू माझ्यावर खरी चिडलीस ती एकदाच. मावशीकडची मंडळी अमरावतीहून आली होती, जेवणं झाली होती, आणि सगळे तलावावर फिरायला निघालो होतो. मी दारातच विचारलं, रेग्युलेटर? तू म्हणालीस, केला ना बंद. सगळे चपला घालून उभे, आणि मी आत जाऊन पाहून आलो. बंदच होता. मावशी काहीतरी बोलली, काका हसले, तू पण हसलीस. तलावावर मात्र तू माझ्याशी चकार शब्द बोलली नाहीस. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर भांडी घासता घासता पाठमोरीच म्हणालीस, "मी केला म्हटलं ना बंद? मग काहून गेला पाहायला? सगळ्यांसमोर मला खोटी पाडतो?" मी म्हणालो, गॅसचं आहे, बघितलेलं बरं. तू वळलीस. "तू गॅस नाही तपासून राहिला. तू मला तपासून राहिला." मला त्या वेळी यातलं काही कळलं नाही. वाटलं, बंद होता तर हिने खूश व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी एजन्सीत जायला निघताना तू उंबऱ्यावर थांबलीस, पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "जा साहेब, पाहून ये." झालं. तुझ्यापुरतं ते भांडण तिथे संपलं. माणसं इतक्या लवकर निवळतात असं मी धरून चाललो, ही चूक मात्र सर्वस्वी तुझी आहे.

बंगळुरात नोकरी लागली तेव्हा तू मला छोटा कुकर घेऊन दिलास. म्हणालीस, "शिट्ट्या मोजत बस, तुला आवडते ना मोजायला." तो अजून माझ्याकडे आहे. गॅस्केट किती बदलल्या, मूठ एकदा बदलली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, तर तो सिंकखालच्या प्रेसमध्ये असतो आणि त्यात माझ्या एकट्याची खिचडी होते. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर सांगतो की राहून गेलं, आणि ते खरंही आहे. तू काउंटरवरच कोसळलीस असा फोन आला, आणि मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घरी आलो तर चहाचं पातेलं तसंच, बशीत अर्धं बिस्किट, आणि रेग्युलेटर चालू. मी तो बंद केला आणि मग रडलो. त्याआधी मला रडूच येत नव्हतं, आणि नातेवाइकांना ते विचित्र वाटत होतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो तो माणूस. माझ्याबरोबर काम करणारा, वयाने माझ्याहून बराच मोठा, इथलाच, याच काउंटीतला. मी आलो तेव्हा मला पहिल्यांदा चहा विचारला तो त्याने. मला लॅड म्हणायचा, म्हणजे पोरा. माझे केस पांढरे झाले तरी लॅडच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात म्हणाला, रविवारी काय करतोस? मी म्हटलं, कपडे धुतो. म्हणाला, ते शनिवारी धू आणि आमच्याकडे जेवायला ये. तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे. त्याची दोन्ही मुलं ऑस्ट्रेलियात, घरात तो आणि बायको. ती बाई एका ताटात तीन प्रकारचे बटाटे वाढते, भाजलेले, उकडलेले आणि कुस्करलेले, आणि वर विचारते की बटाटे पुरेत ना. पहिल्या वर्षी मी मिरचीचं लोणचं घेऊन गेलो. त्याने चमचाभर तोंडात टाकलं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर बसून राहिला आणि म्हणाला, "ग्रँड." इथे सगळ्याला ग्रँड म्हणतात, पाऊस थांबला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. निघताना ती उरलेलं मांस फॉइलमध्ये बांधून देते आणि दारात उभी राहून गाडी वळेपर्यंत हात हलवते. ती तुझ्याबद्दल विचारायची. मी तिला दुधाचं आणि रेग्युलेटरचं सांगितलं तर ती पोट धरून हसली आणि म्हणाली, मला ही बाई भेटायला हवी होती.

फेब्रुवारीतली गोष्ट. शुक्रवार, हँगरची दारं लावलेली तरी आत गारठा, बाहेर वादळाचा इशारा. तपासणीची मुदत भरत आलेली. पहिल्यांदा तो वर बसला, मी खाली वायर धरून. सगळं व्यवस्थित. त्याने सही केली, आम्ही जागा बदलल्या. मी चाक पुढे-मागे केलं, हळू, जोरात, हातमोजा घालून, हातमोजा काढून. आणि एकदा, वायर खाली जात असताना मी अंगठा उचलला आणि चाक लगेच परत आलं नाही. अगदी क्षणभर. वायर वीतभर जास्त गेली आणि थांबली. मी खाली वाकून विचारलं, "तुझ्या हाताला जाणवलं का ते?"

"काय?"

"वायर पुढे गेली. मी सोडल्यावर."

"नाही," तो म्हणाला. "तुझा अंगठा होता त्याच्यावर."

"नव्हता."

"गारठलाय तो, लॅड. तुला कळलं नसेल."

मी पुन्हा केलं. पुन्हा पुन्हा केलं. चाक दर वेळी शहाण्या मुलासारखं जागेवर येत होतं. आमच्या वरचे साहेब येऊन उभे राहिले, त्यांनी स्वतः करून पाहिलं, ठीक. त्याने हातमोजे काढले आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "इट्स ग्रँड. सही कर. वादळ येतंय, हे आत ठेवून कसं चालेल?" तो दमदाटी करत नव्हता, आई. कुणाला तरी या मशीनची गरज पडणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि ते बरोबर होतं. मी म्हणालो, मी नाही करणार. त्याने हातातले हातमोजे खाली ठेवले. मग म्हणाला, "म्हणजे मी खोटी सही केली." मी म्हणालो, तसं नाही. पण त्याच्यापुरतं तसंच होतं. त्याची सही त्या कागदावर आधीच होती आणि आता तिच्याखाली माझा नकार येणार होता, सगळ्या हँगरच्या देखत. तुझी पाठमोरी मूर्ती मला त्याच क्षणी दिसली, नळ चालू, हातात काथ्या. तरी मी सही केली नाही.

हेलिकॉप्टर उभं राहिलं. शनिवारी दुपारी फोन आला, कड्याखालच्या खडकांवर मासे धरायला गेलेला एक माणूस पाय मोडून अडकला होता. आमचं नव्हतं म्हणून दुसऱ्या तळावरून हेलिकॉप्टर आलं. माणूस वाचला. पण आमचं गेलं असतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तो लाटांचे फवारे अंगावर घेत पडून होता, आणि तो किती वेळ, हे हँगरमधल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. मला कुणी काही बोललं नाही. इथली माणसं तोंडावर बोलत नाहीत, हवापाण्याचं बोलतात. सगळे माझ्याशी हवापाण्याचं बोलले. मूठ काढून बनवणाऱ्यांकडे पाठवली होती, काही आठवड्यांनी त्यांचं उत्तर आलं. त्यांनी ती उघडली, थंड केली, गरम केली, हजारो वेळा चाक फिरवलं. दोष आढळला नाही.

दोष सापडला असता तर मी बरोबर ठरलो असतो, आणि त्यानेही पाठीवर थाप मारली असती, तेवढा तो दिलदार आहे. पण असं काहीच न सापडणं फार वाईट. मी अंगठा उचलला होता. साहेबांना मी हेच सांगितलं, तुलाही हेच सांगतो. तरी कधी कधी भांडी घासताना हात थांबतो आणि मी अंगठा हवेत उचलून बघतो, गारठल्यावर खरंच कळत नाही का म्हणून. पुन्हा तोच शुक्रवार आला तर मी पुन्हा सही करणार नाही. याबद्दल मला शंका नाही. झोप मात्र नीट लागत नव्हती.

त्या रविवारी मी गेलो नाही, वाटलं, थोडे दिवस जाऊ देत. पुढच्या रविवारी त्याचं बोलावणं आलं नाही. खरं तर बोलावणं कधीच यायचं नाही, मी आपला जायचो. पण आता बोलावणं लागणार होतं, हे दोघांनाही कळत होतं. साहेबांनी आमच्या पाळ्याही वेगळ्या लावल्या. समोरासमोर आलो की तो मान हलवायचा आणि माझ्या तोंडावर माझं नाव घ्यायचा. लॅड म्हणायचा बंद झाला. एकदा त्याची बायको दुकानात भेटली, हातात बटाट्यांची पिशवी. "तू तर परकाच झालास," म्हणाली. मी म्हणालो, कामं फार आहेत. तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तिने माझ्या बाहीवर हात ठेवला आणि क्षणभर तो तिथेच राहू दिला. गाडीत येऊन मी बराच वेळ किल्ली लावली नाही.

आई, मी एकटा आहे. हे मराठीत लिहिलं की बरं वाटतं, इंग्रजीत आजारासारखं ऐकू येतं. इथे एक-दोन मराठी कुटुंबं आहेत, चांगली आहेत, दिवाळीला बोलावतात. त्यांची मुलं मला काका म्हणतात आणि पुढचं सगळं वाक्य इथल्या हेलात इंग्रजीत बोलतात, मी काही सांगितलं की कळतं त्यांना सगळं. पण परत येताना गाडीत मीच माझ्याशी बोलतो. कामावर लहानशा स्क्रूलासुद्धा दुसरा माणूस लागतो. घरी आल्यावर कुणी नाही. दार लावलं का, असं मी मोठ्याने विचारतो आणि मग स्वतःच जाऊन बघतो. केलं ना बाप्पा, असं ओरडणारं कुणी आत असतं, तर बघायला जाण्यातही मजा असते, हे मला तू असताना कुठे कळलं? त्या उन्हाळ्यात मी परत जायचा विचार केला. जागांच्या जाहिराती बघितल्या, हैदराबादच्या एका कंपनीला लिहिलंसुद्धा. त्यांनी बोलावलं. मी उत्तर द्यायचं राहू दिलं, कारण गेलो असतो तर फक्त रविवारमुळे गेलो असतो.

मग गेल्या महिन्यात पुन्हा तपासणी आली, आणि सुट्टीवरच्या एकाच्या जागी मीही त्या पाळीला होतो. सकाळी साहेब यादी घेऊन उभे, पहिली तपासणी त्याची, दुसरीला त्यांनी एका तरुण इंजिनियरला लावलं होतं. मला लॅड म्हणणारा तो हातमोजे शोधत होता, मान वर न करता म्हणाला, "दुसऱ्याला मला युअर मॅन पाहिजे." युअर मॅन म्हणजे इथे तो अमका. नाव घ्यायचं नसलं की असं म्हणतात आणि सगळ्यांना कळतं कोण ते. साहेब चपापले. म्हणाले, नक्की? तुम्हा दोघांचं ते... तो म्हणाला, "ठीक नसलं तर तो सांगेल. बाकीचे माझं तोंड बघून सही करतात." एवढं बोलून तो शिडी चढला. मी तिथेच उभा होतो, टूलबॉक्सपाशी. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

त्याचं झालं, त्याने सही केली, खाली उतरला आणि आम्ही जागा बदलल्या. रविवारचं तो काही बोलला नाही, मीही नाही, आणि अजूनही बोललेला नाही. हे पत्र तुला मिळायचं नाही, आपल्या घरात आता दुसरेच लोक राहतात, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही. मी दारात गुडघ्यावर बसलो, मूठ हातात घेतली. खाली तो, जाड हातमोजे, मान वर केलेली, वायर हातातून हलकेच सोडत होता, घेत होता. चाक नीट चालत होतं. आदेशात सांगितलेलं सगळं मी केलं, मग मनाच्या समाधानासाठी आणखी केलं, आणि समाधान झालं. आता सही केली की तो हातमोजे काढून चहाला निघून जाणार होता. मी वायर पुन्हा खाली सोडली, थांबवली, वर घेतली, पुन्हा सोडली. त्याला ते कळत होतं, त्याने आयुष्यभर हेच काम केलंय. तपासणी केव्हाच संपली होती, आई, आणि तो तरीही वायर धरून उभा होता.